एकशे आठ किलो आणि चोवीस आरे

दुकानातल्या पोराने विचारलं, ‘‘सर, वेट किती?’’ शेजारी ऑफिसमधली दोन मंडळी उभी. मी बेधडक सांगितलं, ‘‘पंच्याण्णव.’’ खरा आकडा १०८. तेरा किलो एका श्वासात उतरवले!

मग त्या पंच्याण्णव किलोंच्या माणसाने रोड बाइक घेतली. पुढे २० आरे, मागे २४. चकचकीत, सडपातळ चाकं. दोन महिने हिंजवडीच्या वाटेवर टेचात फिरवली. तिसऱ्या महिन्यात, एका रविवारी कात्रजच्या जुन्या घाटात ‘टण्ण’ असा आवाज आला. मागच्या चाकाचा आरा तुटला होता. एकच, पण चोविसातला एक गेला आणि चाक इतकं वाकडं झालं, की ब्रेकच्या रबराला घासायलाच लागलं. ग्रुप पुढे निघून गेला. मी टेम्पो थांबवला. टेम्पोवाल्याने एकदा चाकाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. बोलला काही नाही. बोलला असता तर परवडलं असतं.

आरा बदलला. महिन्याभरात शेजारचा तुटला. मग तिसरा. दरवेळी गिअरच्याच बाजूचा, हबपाशी जिथे वाकलेला असतो तिथेच. रविवारी पहाटेचा गजर लावणंच मी बंद केलं. ग्रुपला सांगायचो, ऑफिसचं काम आहे.

शेवटी पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. काकांनी चाक फिरवलं, आरे चिमटीत दाबून बघितले आणि चष्म्यावरून विचारलं, ‘‘वजन?’’

‘‘पंच्याण्णव.’’

‘‘मला काहीही सांगा साहेब. चाकाला खरं कळतंच.’’

‘‘...एकशे आठ.’’

हसले नाहीत. ‘‘मग बरोबर तुटतायत,’’ म्हणाले आणि चहा सांगितला.

आरा एका दणक्यात क्वचितच तुटतो म्हणे. चाक फिरताना जमिनीलगतचे आरे किंचित सैल पडतात, वर गेले की पुन्हा ताणले जातात. किलोमीटरमागे जवळपास पावणेपाचशे वेळा! तार सारखी वाकवून आपण तोडतो ना, तसंच. आरे कमी आणि स्वार जड, की प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येतं. त्यात मागच्या चाकावर भार अधिक, आणि गिअरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून उजवीकडचे आरे जास्त उभे, जास्त ताणलेले.

‘‘दूधवाल्याची सायकल बघितलीत? मागे चाळीस आरे. दोन्हीकडे कॅन लावले तरी चाक हलत नाही. तुम्ही तर साहेब, कॅनसकटच आहात!’’

चाळीस नाही, पण मागे ३२ वर सौदा ठरला. अॅल्युमिनियमची दणकट रिम, प्रत्येक आरा तीन आऱ्यांना छेदून जाणारा, पितळी निपल. आरे मात्र टोकांना दोन मिलिमीटर आणि मध्ये १.८. मला वाटायचं जाड तेवढं मजबूत. पण मधला बारीक भाग जरासा लवचीक असतो. भार शेजाऱ्यांना वाटला जातो आणि वाकलेल्या टोकावरचा जाच कमी होतो. फ्रेममध्ये जागा होती म्हणून टायरही २५ ऐवजी २८ चे टाकले. दुकानातला पोरगा कार्बनची चाकं दाखवत होता. घ्या हवं तर, पण किमतीआधी वजनाची मर्यादा वाचा. ती बहुतेकदा स्वार, सायकल, बॅग सगळं धरून असते.

काकांनी दोन संध्याकाळी लावल्या. आउट काढायचा, प्रत्येक आरा नखाने छेडायचा, कान लावून ऐकायचं. तबला लावावा तसं. ताण सारखा नसेल तर चाळीस आरेही फुकट, असं त्यांचं ठाम मत. तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा बोलावून परत एकदा सगळं तपासलं.

सायकल साधारण तीनशे ग्रॅमने जड झाली. माझ्या बाबतीत हा मुद्दा कोणी काढू नये. कात्रज, बोपदेव, सिंहगडाचा पायथा... दहा महिन्यांत एकही आरा तुटलेला नाही.

गेल्या शनिवारी हवा भरायला गेलो, तर काकांसमोर एक आडव्या बांध्याचा पोरगा उभा. हातात वाकडं चाक. काकांनी वजन विचारलं. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाला, ‘‘नव्वद.’’

मी म्हटलं, ‘‘माझं पंच्याण्णव होतं.’’