खंडेनवमीचा बंपर

फियाट धुवायची ती ऊन चढायच्या आत, आणि तीही सावलीत. बंपर तापला की फडकं फिरायच्या आधीच पाणी सुकतं आणि प्रत्येक थेंब आपलं पांढरं वर्तुळ मागे ठेवून जातो. ज्यांच्या घरी एकेकाळी फियाट होती त्यांना हा नियम आजही तोंडपाठ असेल.

आमच्या घरातली फियाट अण्णांची, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची. 1100 डिलाइट. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ही गाडी कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होई. मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली ही कंपनी काढली. डिलाइट आली 1964मध्ये, आणि सत्तरच्या दशकात हीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी पोचली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर आणि पुढेही सलग सीट, त्यामुळे आम्ही पोरं कशीही दाटीवाटीने मावायचो. त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. इतकी वाट पाहून दारात आलेल्या गाडीची बडदास्तही तशीच असे.

आणि त्या गाडीवर चकाकणारं किती काय काय होतं! पुढचा-मागचा बंपर, त्यावरची उभी शिंगं, पुढची जाळी, दिव्यांभोवतीची कडी, दारांच्या मुठी, व्हीलकॅप. अण्णा सांगायचे की आपल्याला दिसते ती झळाळी खरं तर खालच्या निकलची. लोखंडावर निकलचा थर आणि त्याच्यावर क्रोमचा. निकल उघडं राहिलं तर काही दिवसांत पिवळट पडतं, म्हणून त्याच्यावर क्रोमचं पांघरूण. पण हे पांघरूण जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन जाडीचं! माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा, यावरून कल्पना करा. शिवाय त्या थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आणि भेगा असतात. त्यांतून ओल आत शिरली की वर तांबूस ठिपके उमटू लागतात.

मुंबईत तर ओलीला तोटा नाही. इमारतीत नळाला तानसा-वैतरणेचं गोडं पाणी होतं, पण ते ठरावीक वेळी यायचं आणि पिण्या-स्वयंपाकाला पुरवून वापरायचं. गाडी धुवायला मागच्या अंगणातली विहीर. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे विहिरीचं पाणी मचूळ. शाळेत ज्याला दुष्फेन पाणी म्हणायचे, ते हेच. पाणी वाफ होऊन उडून जातं, पण त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार कुठे जाणार? ते क्रोमवर घट्ट बसून राहतात. त्यात पावसाळाभर डबक्यांचे शिंतोडे आणि खारा वारा. भाद्रपद सरेपर्यंत बंपर असा काही मलूल होई की त्यात तोंड दिसेनासं व्हायचं.

म्हणून खंडेनवमीची सकाळ बंपरची. दुसऱ्या दिवशी दसरा, गाडीची पूजा, जाळीला झेंडूचा हार. त्या डागाळलेल्या जाळीवर हार घालायचा ही कल्पनाच अण्णांना सहन होत नसे. स्वयंपाकघरात काकू चिंच घेऊन समई आणि ताम्हन घासायला बसलेली आणि खाली अंगणात आम्ही पोरं अण्णांच्या हाताखाली. काकूने सरबताची पिळलेली लिंबं आठवडाभर साठवून ठेवलेली असत. ती आमच्या वाट्याला. चिमूटभर मीठ मात्र मिळायचं नाही. मीठ-लिंबाने पितळ उजळतं, पण मीठ क्रोमच्या भेगांत शिरून गंज वाढवतं. राख आणि रांगोळी यांनाही सक्त मनाई.

आधी साबणाच्या पाण्याने धूळ काढायची. धुळीसकट घासलं तर ओरखडे उठतात. मग अण्णा एका वाडग्यात लिंबाचा रस आणि पाणी एकत्र करत, जुन्या धोतराचा तुकडा त्यात बुडवून डागांवर पसरून ठेवत. मी घासायला सरसावले की हात धरायचे.

“अगं, जोर कशाला? भिजू दे त्याला.”

“पण अण्णा, निघणार कसं मग?”

“आपोआप निघेल. तू नुसती बघ.”

आणि खरोखरच, फडक्याची कड उचलली की पांढऱ्या वर्तुळाच्या काठाशी बारीक बुडबुडे दिसायचे. लिंबातलं आम्ल तो क्षार विरघळवत असायचं. पाच-दहा मिनिटांत अण्णा फडकं उचलत, कारण आम्ल फार वेळ राहिलं तर जिथे क्रोम उडालंय तिथल्या लोखंडालाच खायला लागतं. मग राखून ठेवलेल्या नळाच्या गोड्या पाण्याची कळशी सावकाश बंपरवर ओतायची आणि लगेच कोरड्या मलमलीने टिपून घ्यायचं. शिंगं जिथे बंपरला जोडलेली असत त्या खाचेत जुना टूथब्रश घालायचा, कारण पाणी दडून बसतं ते तिथेच.

तांबूस ठिपक्यांसाठी वेगळी युक्ती होती. सिगारेटच्या पाकिटातली चांदी! अण्णा स्वतः ओढत नसत, पण कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून रिकामी पाकिटं जमवून आणत. ती चांदी पाण्यात बुडवून ठिपक्यावर हलक्या हाताने गोल फिरवायची. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे क्रोमला ओरखडा जात नाही, गंज मात्र निघतो. बोटांखाली करड्या-तपकिरी रंगाचा राप जमायचा, तो पुसला की खालून स्वच्छ निळसर लकाकी वर यायची. तो क्षण आम्ही भावंडं एकमेकांना हाका मारमारून दाखवायचो. शेवटी मेणाच्या पॉलिशचा पातळ हात. मेण त्या भेगा बुजवतं आणि पुढचं पाणी आत शिरू देत नाही.

आता त्या गाड्या रस्त्यावरून जवळजवळ गेल्या. ऑक्टोबर 2023च्या अखेरीस मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींचंही पर्व संपलं. पण पुण्या-मुंबईत कुणी आजोबांची डिलाइट बाहेर काढतं, कुणी पद्मिनी हौसेने नव्याने उभी करतं, तेव्हा माझा जीव सुपाएवढा होतो. या मंडळींना एवढंच सांगावंसं वाटतं की डागांना घाबरून न्हाणीघर साफ करायचं ॲसिड क्रोमला लावू नका. ते हायड्रोक्लोरिक असेल तर क्रोमच उतरवून टाकतं. लिंबू नाहीतर व्हिनेगर पुरेसं आहे. शेवटचं पाणी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचं वापरा, त्यात क्षारच नसल्याने नवा डाग पडत नाही. आणि लगेच नव्याने क्रोम करून घ्यायच्या फंदात पडू नका. त्यासाठी जुना थर उतरवून पत्र्याला बफ मारतात, त्यात कडांची मूळची धार बोथट होते.

कुर्ल्याच्या कारखान्यातून त्या गाड्यांना चकाकी मिळाली ती एकदाच. पुढची सगळी वर्षं ती टिकली ती अण्णांसारख्या माणसांच्या हातांवर आणि सबुरीवर. ती सबुरी त्यांनी आम्हा पोरांना न कळत दिली आणि आज ती मला गाडीपेक्षाही मोलाची वाटते. तुमच्या दारात जुनी फियाट असेल तर या खंडेनवमीला घरातल्या लहानग्यांना हाताशी घ्या, त्यांच्या हाती फडकं द्या, आणि त्यांनी जोर लावला तर सांगा, भिजू दे त्याला.