सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्यातले कडेगाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे ते मोहरममधल्या गगनचुंबी ताबुतांमुळे. 2022 सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्या तालुक्यात गेलो, ते मात्र मोहित्यांचे वडगाव या गावातला एक भोंगा ऐकायला. आम्ही उभयता शिक्षक. सोबत आठवीतला मुलगा.

कडेगावात मगरिबची नमाज अदा करून निघालो. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरमागून वाट काढत वडगावात पोहोचलो, तेव्हा सात वाजायला थोडाच अवकाश होता. एका कट्ट्यावर दोन मुले मोबाइलमध्ये मान घालून बसली होती. आमचे चिरंजीवही गाडीत तसेच बसले होते.

सातला देवळावरचा भोंगा वाजला. घराघरातले टीव्ही बंद झाले. कट्ट्यावरची मुले उठून घरी गेली. आता साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत दीड तास अभ्यासाचा.

कोरोनात शाळा मोबाइलवर आली. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाइल काही सुटेना आणि वर्गात लक्ष लागेना. 14 ऑगस्ट 2022 रोजी महिलांच्या ग्रामसभेत हा विषय निघाला आणि भोंग्याचा निर्णय झाला. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन समजावत.

एका ओसरीवर मुलगी मोठ्याने धडा वाचत होती. शेजारी आई मेथी निवडत होती. वाचताना मुलगी अडखळली की आई मान वर करून पाही. टीव्ही आईचाही बंद होता. आम्हाला वाटते, या भोंग्याचे खरे बळ तिथेच आहे.

परतताना मुलाने विचारले, “अब्बा, तुमच्या शाळेचा गृहपाठ तर रात्री आठला ग्रुपवर येतो ना?”

आम्ही दोघेही गप्प झालो. गृहपाठ आम्हीच मोबाइलवर पाठवतो आणि पालकसभेत ‘मुले मोबाइल सोडत नाहीत’ अशी तक्रारही आम्हीच करतो!

यंत्र वैरी नव्हे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून वर्गात चित्रफीत दाखवली, की शेवटच्या बाकावरचा मुलगाही मान वर करतो. पण चित्रफीत संपल्यावर “तुला काय दिसले?” असे कोणी विचारले नाही, तर ती मान पुन्हा खाली जाते. मुलाचे लक्ष टिकते ते जवळ बसून विचारणाऱ्या माणसामुळे.

त्या सुट्टीनंतर आम्ही गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वीच फळ्यावर लिहू लागलो. घरी सात ते साडेआठ तिन्ही मोबाइल स्वयंपाकघरातल्या कपाटात असतात. पहिल्या आठवड्यात त्या कपाटाकडे सर्वांत जास्त फेऱ्या कोणी मारल्या, हे मुलाने मोजून ठेवले आहे. त्यात त्याचा नंबर तिसरा.