वांग्याच्या फुलावरची घरघर

वांग्याचं फूल घरघरतं! खरंच! कर्जतच्या आमच्या परसात सकाळी ऊन तापायच्या आत जाऊन बसा, ऐकू येईल. निळसर पट्ट्यांची एक माशी येते, फुलाला खालून लोंबकळते, पिवळे परागकोश पायांनी गच्च आवळते आणि सगळं अंग असं थरथरवते की हातभर अंतरावरून आवाज यावा. वांग्या-टोमॅटोचे पराग परागकोशाच्या आत असतात, टोकावरच्या बारीक छिद्रातून ते हलवूनच काढावे लागतात. मध देणाऱ्या सातेरी मधमाशीला ते जमत नाही. जमतं ते हिला आणि काळ्या भुंग्याला! आणि ही राहते कुठे? पोळ्यात नव्हे, मातीत, एकेकटी बीळ करून. आवारभर पेव्हर ब्लॉक घातले की तिचं घर गेलंच.

हे कळल्यापासून मी परसाकडे नव्यानेच बघतेय. मॉलिसन आणि होमग्रेन या ऑस्ट्रेलियन जोडीने १९७८ साली पर्माकल्चरचं, म्हणजे निसर्गाच्याच रीतीने बाग-शेती करण्याचं, पुस्तक लिहिलं. पण मोरीचं पाणी केळीला नि अळवाला सोडणं हे कोकणातल्या आज्या केव्हापासून करत आल्यात! आणि इथे जवळच, नेरळच्या सगुणा बागेत, चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरट न करता, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवून भात पिकवायचं तंत्र घडवलं. मग माझ्या चार वाफ्यांत कुदळ कशाला? पाचोळा जाळत नाही, झाडांच्या बुंध्याशी पसरते. कुंपणालगतची एक पट्टी मात्र उघडीच ठेवलीय, त्या माशीसाठी.

आणि कढीपत्ता! पानं कुरतडलेली दिसली म्हणून वाकून पाहिलं, तर पानावर पक्ष्याची विष्ठा. ती हलली! फुलपाखराची अळी होती. मोठी झाल्यावर हिरवीगार झाली, जरा डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगं काढून उग्र वास सोडला. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळीही कढीपत्त्याच्याच, म्हणजे लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. नुसती फुलं लावून फुलपाखरं पाहुणी येतील. राहायची असतील तर पानं खाऊ द्यावी लागतील.

कर्जत-खालापुरात बंगले बांधणाऱ्यांनो, लॉनचा एक कोपरा तरी सोडा. तिथे कढीपत्ता, लिंबू, तुळस, शेवगा, चार वांगी लावा, आणि फवारणीचा पंप तेवढा तिथे नेऊ नका.