थेट दुसऱ्या वर्षाला

सांगलीतल्या पहिल्याच आठवड्यात गणिताच्या तासाला सरांनी फळ्यावर एक खूण काढली. इंग्रजी सहा आरशात दिसावा तशी. मी ती वहीत साधा ‘डी’ म्हणून उतरवली आणि त्याच ‘डी’नं चार पानं भरली. संध्याकाळी होस्टेलवर शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीनं वही चाळली आणि हळूच म्हणाली, “अगं, हा पार्शल डेरिव्हेटिव्ह आहे. फर्स्ट इयरलाच झालाय.”

फर्स्ट इयर मी केलंच नव्हतं.

माझं गाव पाटण तालुक्यातलं. वडील, म्हणजे आण्णा, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. दहावीला मार्क चांगले पडले होते. पण अकरावी-बारावी सायन्स म्हणजे क्लास, क्लास म्हणजे पैसा, आणि एवढं करून सीईटीचा भरवसा नाही. डिप्लोमा केला की तीन वर्षांत हाताला काम, असा घरचा हिशेब होता. म्हणून कराडचं शासकीय तंत्रनिकेतन, सिव्हिल. रोज एसटीनं कोयनेच्या काठानं कराड गाठायचं आणि कृष्णेचा पूल ओलांडून विद्यानगरला जायचं.

डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे तिथं गेल्यावर कळलं. गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या टक्केवारीवर लागते. मंजूर जागांवर दहा टक्के जादा जागा असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. पण सांगलीच्या वालचंदसारख्या कॉलेजात रिकाम्या जागा राहतातच किती? १९४७ साली ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ म्हणून सुरू झालेलं आणि १९५५ पासून वालचंद हिराचंदांचं नाव लावणारं हे कॉलेज आमच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या यादीत पहिलं होतं. अनुदानित असल्यानं फी आवाक्यातली, हेही कारण होतंच.

शेवटचं वर्ष मी जिवाच्या करारावर काढलं. निकाल लागला तेव्हा आण्णांना फोन केला. पलीकडं मार्केटचा गलका होता.

“आण्णा, अजून तीन वर्षं लागतील.”

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सांगली काय लांब न्हाई. तू जा. माझी पाठ अजून तीन वर्सं दम धरंल.”

पहिल्याच फेरीत नाव लागलं. मग दाखले, नॉन-क्रिमीलेअर, झेरॉक्सचा गठ्ठा, आणि कराडहून मिरजेकडे जाणारी गाडी. ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे. प्रत्येक स्टेशनला पोटातला गोळा मोठा होत होता.

आमची प्रवेशफेरी संपेपर्यंत वर्ग सुरू झालेले होते. म्हणजे एक अख्खं वर्ष मागं आणि वर काही आठवडे. कुणी हिणवलं नाही. पण सर “हे तुम्हाला माहीतच आहे” म्हणून पुढं गेले की वर्गातल्या आम्हा डिप्लोमावाल्यांच्या माना एकदम खाली जायच्या. डिप्लोमात आम्ही सूत्रं वापरायला शिकलो होतो. ती कुठून आली, हे इथं विचारत होते. दिवसा दुसऱ्या वर्षाचं आणि रात्री पहिल्या वर्षाचं, असा माझा अभ्यास सुरू झाला. मैत्रिणीनं तिचं ग्रेवालचं गणिताचं जाडजूड पुस्तक माझ्या उशाशी आणून ठेवलं आणि रोज जेवणानंतर अर्धा तास माझ्यासोबत बसायला लागली.

मग सर्व्हेचं प्रॅक्टिकल आलं. आमच्या गटापुढं थिओडोलाइट. तिवई रोवली, ओळंबा खुंटीवर आणला, पण पातळीच्या नळीतला बुडबुडा काही मध्ये येईना. मैत्रीण स्क्रू एकदा इकडं, एकदा तिकडं फिरवत होती. मी पुढं झाले. नळी दोन स्क्रूंच्या समांतर ठेवली, दोन्ही अंगठे एकदमच आत वळवले. “डाव्या अंगठ्याकडं बघ. तो जाईल तिकडं बुडबुडा जातो.” बुडबुडा सरकत मध्ये येऊन थांबला. नळी काटकोनात फिरवली, तिसरा स्क्रू एकटाच फिरवला आणि यंत्र पातळीत आलं. विद्यानगरच्या उन्हात हे मी कितीदा केलं होतं, त्याची गणती नाही. त्या दिवशी गटातल्या चौघांनाही मी ते शिकवलं. आपण मागच्या दारानं आलोय, ही मनातली टोचणी तिथंच मैदानावर गळून पडली. माझ्याकडं जे नव्हतं ते त्यांच्याकडं होतं, आणि त्यांच्याकडं नव्हतं ते माझ्या अंगठ्यांत होतं.

तरीही गणिताची ती दरी खरी आहे, आणि ती कष्टानंच भरावी लागते. पहिल्या सत्रात मी जेमतेम पास झाले. सावरायला वर्ष गेलं. डिप्लोमाचा शेवटचा पेपर आणि प्रवेश यांच्यात दोन-अडीच महिने मोकळे असतात. तेव्हा पहिल्या वर्षाचं गणित उरकायला हवं, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. प्रत्येक तंत्रनिकेतनानं त्या सुट्टीत महिनाभराचा वर्ग घेतला, तर किती मुलांच्या माना ताठ राहतील!

गेल्या जूनमध्ये गावाकडची एक मुलगी डिप्लोमाचा निकाल घेऊन घरी आली. यादी कधी लागेल, कुठलं कॉलेज मिळेल, हेच ती विचारत होती. मी चहा ठेवला, तिच्यापुढं कोरी वही सरकवली आणि आरशातल्या सहासारखी ती खूण काढून दाखवली. म्हटलं, “यादी लागेल तेव्हा लागेल. आधी हिची ओळख करून घे.”