पार्सल कुठंय ते कळतं, गाडी कुठंय ते कळत नाही

परवा आपल्या तालुक्यातल्या एका फाट्यावर उभा होतो. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी, हातात दवाखान्याची फाईल. म्हणाल्या, "बाळा, गाडी कव्हा येईन रं?" मला काय माहीत! तेवढ्यात माझ्या मोबाईलवर मेसेज आला, तुमचं पार्सल इथवर पोचलं, आज संध्याकाळी घरी येईल. तीनशे रुपयांच्या चपलेचा पत्ता मोबाईलला ठाऊक, आजीच्या गाडीचा नाही.

शेवटी त्या काळीपिवळीत बसून गेल्या. चाळीस रुपये दिले. दहा मिनिटांनी एसटी आली. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत आहे, म्हणजे आजीला एक रुपया लागला नसता. गाडीचा दोष नव्हता. ती येतेय हे कळायची सोय नव्हती, एवढंच.

तेव्हापासून 'स्मार्ट वाहतूक' हा शब्द ऐकला की ते चाळीस रुपये आठवतात.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को, फिनिक्समध्ये बिनचालकाच्या टॅक्सी धावतात. आपल्याकडं फास्टॅग आला, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कॅमेरे चलन फाडतात. गंगापूर-वैजापूरमधून समृद्धी गेली. ७०१ किलोमीटर, १० जिल्हे. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पाही खुला झाला. रस्ता चांगलाच आहे. त्यावर दुचाकीला, रिक्षाला बंदी आहे, तीही योग्यच. ताशी १२० च्या गाड्यांत मोटारसायकल घालणं म्हणजे जिवाशी खेळ. पण मग ज्याच्या दारात फक्त दुचाकी आहे, त्यानं हा रस्ता पुलाखालूनच बघायचा का? त्याचा हक्काचा वाटा म्हणजे बस.

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात इलेक्ट्रिक कारला समृद्धीवर टोलमाफी ठरली. इलेक्ट्रिक बसलाही आहे, ही जमेची बाजू. पण ती कार आपल्यातले किती जण घेणार? आणि धूर, डिझेल, गर्दी यांचा हिशोब साधा आहे. एका बसमध्ये चाळीस माणसं जातात. तीच माणसं चाळीस गाड्यांतून गेली तर गाडी विजेवरची असो की बिनचालकाची, रस्ता तेवढाच अडणार.

अजून एक. सॅन फ्रान्सिस्कोत शिकलेली गाडी कारखाना सुरू झाल्यावर आपल्या रस्त्यावर आणा. मागं ना दिवा ना रेडियम, अशी उसाची ट्रॉली रात्री तिला ओळखू येईल का? नाही आली, तर मरणार कोण? ट्रॉलीवरचा मजूर.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच की सुरुवात खालून करा. १ जून २०२२ ला पुणे-नगर ई-शिवाई धावली, तशा गाड्या तालुक्याच्या मार्गांवर वाढवा. गाडी कुठवर आली हे फाट्यावरच्या साध्या बोर्डवर दिसू द्या, बटणाच्या मोबाईलवरही मेसेजनं कळू द्या. याला बिनचालकाच्या गाडीएवढी अक्कल लागत नाही, पार्सलवाल्याएवढी पुरते.

ज्या दिवशी त्या आजी काळीपिवळीला म्हणतील, "जा बाबा, माझी गाडी दहा मिनिटांत येतीय," त्या दिवशी मी आपली वाहतूक स्मार्ट झाली म्हणेन.

तुमच्या फाट्यावर काय परिस्थिती आहे? गावाचं नाव टाकून लिहा.