श्रेय लिंबाला, झीज जस्ताची

प्रिय लिंबाच्या बॅटरीस,
स. न. वि. वि.

शाळांची विज्ञान प्रदर्शनं भरली की तुझी गाठ पडतेच. टेबलावर चार लिंबं, त्यांत खोचलेले खिळे, वायरींचा गुंता आणि मागे थर्माकोलवर ठळक अक्षरांत ‘लिंबापासून वीज’. ती पाटी वाचली की तुझ्याशी भांडावंसं वाटतं. अगं, वीज त्या खिळ्यावरच्या जस्ताची. लिंबू आपलं फुकट भाव खातं!

पडताळा घेणं अगदी सोपं आहे. लिंबू ओट्यावर तळहाताखाली दाबून लोळवायचं, म्हणजे आत रस सुटतो. एका बाजूला पत्र्याला मारतात तो जस्त चढवलेला खिळा, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिक सोलून घासलेली तांब्याची जाड तार. आत दोघांची टक्कर होऊ द्यायची नाही. मल्टीमीटर साधारण ०.९ व्होल्ट दाखवतो. आता लिंबाऐवजी बटाटा घ्या, सफरचंद घ्या, आकडा फारसा हलत नाही. पण तारेच्या जागी दुसरा तसाच खिळा खोचला, की जवळजवळ शून्य.

जस्ताचा अणू रसात उतरताना दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो. ते तारेतून तांब्याकडे जातात, तिथे आम्लातले हायड्रोजनचे आयन ते उचलतात आणि तांब्यावर बारीक बुडबुडे धरतात. तांबं होतं तसंच राहतं. लिंबाने द्यायचं ते आम्ल आणि आयनांना फिरायला ओल. व्होल्टाने १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा घातला, त्याचं फळावाचून काही अडलं नाही. आपल्या साध्या पेन्सिल सेलचं डबडंही जस्ताचंच असतं.

मुलांचा हिरमोड होतो तो विजेरीच्या बल्बपाशी. चार लिंबं ओळीने जोडली की साडेतीन व्होल्टच्या आसपास येतात, तरी बल्ब ढिम्म. त्याला दोन-तीनशे मिलिॲम्पिअर लागतात. तू देतेस जेमतेम एक, बरेचदा तेवढाही नाही. लाल एलईडी थोडक्यात भागवतो म्हणून मिणमिणतो (लांब पाय तांब्याकडे, नाहीतर तोही रुसतो). अशा वेळी ‘आणखी लिंबं लावा’ हा ठरलेला सल्ला मिळतो. बल्बला त्याचा उपयोग नाही, कारण प्रत्येक लिंबागणिक आतला रोधही वाढत जातो. त्यापेक्षा खिळ्याऐवजी जस्ताची रुंद पट्टी खोचावी, प्रवाह लगेच वाढतो. बल्ब तरीही पेटणार नाही, पण का नाही ते मुलांना मोजून कळेल. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये बटाटा आठ मिनिटं उकडून घेतला आणि आतला रोध घटल्यामुळे त्याच्या बॅटरीची शक्ती दहापटीपर्यंत वाढवली. प्रदर्शनात मांडावं ते असलं काही! कच्चा आणि उकडलेला बटाटा शेजारी शेजारी ठेवायला खर्च तो किती?

तेव्हा पुढच्या खेपेला पाटी बदलून ये.

कळावे, लोभ असावा.

तुझा एक जुना प्रेक्षक

ता. क. : प्रयोग आटोपल्यावर त्या लिंबांचं सरबत कुणी करू नये. रसात जस्त उतरलेलं असतं.