काकूचं मिक्सिंग

मागच्या महिन्यात भावाकडे बैठक झाली. बैठक म्हणजे फार काही नाही हो. भाऊ, वहिनी, मोठे मामा आणि मी, आणि मधोमध चिवड्याची परात. विषय होता माझी भाची. पोरीने बी.एस्सी. केलं, मार्क चांगले पडले, आता बी.एड. नाहीतर एमपीएससी अशी सगळ्यांची समजूत. आणि तिने जाहीर केलं की पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा द्यायची आहे, एडिटिंगसाठी.

मामांना आधी वाटलं पोरीला हिरॉईन व्हायचंय. "नाही हो आजोबा, कॅमेऱ्याच्या मागचं काम," तिने समजावलं. "मागं असो की पुढं, लाईन तर तेच ना," मामा म्हणाले आणि चिवडा पुढे ओढला.

आमच्या अमरावतीची गंमत बघा. चित्रा चौक, प्रभात चौक, श्याम चौक... चौकांची नावं टॉकीजवरून पडलेली. पत्ता सांगायला सिनेमा चालतो, पण घरात सिनेमाची 'लाईन' नको!

भावाचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "ताई, मी काही जुनाट माणूस नाही. पण रात्री दोन वाजता काम संपल्यावर ही कोणासोबत आणि कशी घरी येईल, ते मला सांग." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो उगाच घाबरत नव्हता. केरळात न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये बाहेर आला. सेटवर बायकांना साधं स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, इथपासून ते लैंगिक छळापर्यंत सगळं त्यात आहे. आणि तो अहवाल सरकारच्या हातात पडला होता डिसेंबर २०१९ मध्ये. साडेचार वर्षांहून जास्त तो नुसता पडून होता. हे वाचलेल्या बापाला "काही होत नाही रे" असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून मी मधला मार्ग काढला. म्हटलं, "असं कर, आधी बी.एड. करून ठेव. मग बघू."

भाची काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी असं ठरलं की मी तिला अकोल्याला काकूकडे घेऊन जायचं. काकू आता ऐंशीला टेकल्या वयाची, घरात सगळ्यांत मोठी. तिने समजावलं की पोरगी ऐकेल, असा भावाचा हिशेब.

आता ही काकू कोण ते सांगते. नातेवाईकांना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी.

माझे काका अकोल्याला फोटो स्टुडिओ चालवायचे. 'काका चालवायचे' हे वाक्य मी जन्मभर असंच म्हणत आले. आता लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा हात अडखळला. कारण लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे जायचे तेव्हा काका असायचे काउंटरवर आणि काकू असायची डार्करूममध्ये.

अकोल्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा ४५च्या वर आणि नळाचं पाणी असं की सरळ चहापत्ती टाकावी. आणि डेव्हलपरला लागतं वीस डिग्रीच्या आसपास. पाणी गरम असलं की निगेटिव्हवरचा थर फुगतो, फोटोवर जाळी पडते, कधी थर सुटूनच येतो. म्हणून उन्हाळ्यात धुण्याचं काम रात्री दहानंतर. काकू बर्फाची लादी फोडून मोठ्या परातीत भरायची, त्यात डेव्हलपर आणि हायपोचे ट्रे ठेवायची. प्रिंट काढताना लाल दिवा लावायची, मला स्टुलावर बसवायची आणि म्हणायची, "हात लावू नको, नुसतं पाह्य." कोऱ्या कागदावर हळूहळू कोणाचं तरी नाक, कोणाचं कुंकू वर यायचं. मी श्वास रोखून बघायचे.

टचिंगही तीच करायची. निगेटिव्ह उजेडासमोर धरून टोकदार पेन्सिलने देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं घालवायची. आणि लग्नाच्या मुलींचे 'दाखवायचे' फोटो तर तिच्याशिवाय व्हायचेच नाहीत. मुलींचे वडील म्हणायचे, बाईमाणूस असेल तर बरं. मग काका पान खायला बाहेर जायचे आणि कॅमेऱ्यामागे काकू. अकोल्यात किती मुलींची लग्नं त्या फोटोंवर जुळली असतील देव जाणे. फोटोच्या मागे शिक्का मात्र काकांच्या नावाचा. दुकानाची पाटी काकांच्या नावाची हे तर सांगायलाच नको.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लग्नाचं व्हिडिओ शूटिंग आलं. खांद्यावरचा तो जड कॅमेरा काकांनी घेतला आणि दोन व्हीसीआर लावून मिक्सिंग करायची काकू. एकावर मूळ कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवं तेवढंच उतरवून घ्यायचं. चार तासांच्या कॅसेटमधून दीड-दोन तासांचं लग्न निघायचं. रुसलेली वरमाय, जेवणावरून झालेली बाचाबाची, वरातीत पडलेले एक काका (आमच्यातले नाही!)... हे सगळं ती गुपचूप गाळायची. पण मुलगी निघताना मंडपाच्या खांबाआड उभा राहून डोळे पुसणारा बाप ती कधी गाळायची नाही. उलट तो दोन सेकंद जास्त ठेवायची. तिला कोणी हे शिकवलं नव्हतं.

पुढे कधीतरी सरस्वतीबाई फाळक्यांबद्दल वाचलं तेव्हा मला आधी काकूच आठवली. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत कोरोनेशनमध्ये लागला. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट. तेव्हा कोरी फिल्म भोकं न पाडलेली यायची. ती कडेची भोकं पाडल्याशिवाय फिल्म कॅमेऱ्यात सरकणारच नाही. एका फुटाला एका बाजूची ६४ भोकं, म्हणजे तेवढ्या लांबीला एकाच बाजूची सव्वादोन लाखांच्या वर! मशीन होतं खरं, पण अंधारात फिल्म सरकवत राहायचं काम हातांचंच. ते सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. फिल्म धुणंही शिकल्या. शूटिंगच्या वेळी उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या, आणि वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दागिने गहाण टाकले ते वेगळंच. भारतातल्या पहिल्या बोलपटाआधीचा, अगदी पहिल्या सिनेमाचा हा किस्सा. म्हणजे बायका कॅमेऱ्यामागे 'आता येऊ लागल्या' हे खरं नाही. त्या पहिल्या दिवसापासून तिथेच होत्या, पाटी नव्हती.

नावाची भानगड तर फार मोठ्यांनाही सुटली नाही. लता मंगेशकरांनी 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं' अशा चित्रपटांना संगीत दिलं ते 'आनंदघन' या पुरुषी नावाने. जिचा आवाज घराघरात, तिलाही संगीतकार म्हणून दुसऱ्याच नावाआड राहावंसं वाटलं. मग काकूचं काय घेऊन बसलात!

आता जरा अवघड भाग.

काका १९९६ मध्ये अचानक गेले. तेरवी झाल्यावर अकोल्याच्या घरात अशीच एक बैठक झाली. माझे बाबा, मामा, काकूचे दोन भाऊ. दुकानाचं काय करायचं? मी चोवीस वर्षांची होते, बी.एड. झालेली, नोकरीला लागलेली, आणि त्या बैठकीत मी चहा देत होते. पंधरा मिनिटांत ठरलं की दुकान, कॅमेरे, व्हीसीआर सगळं कामावरच्या मुलाला देऊन टाकायचं. जे येतील ते पैसे काकूच्या नावाने बँकेत. त्या मुलाला डेव्हलपिंगपासून मिक्सिंगपर्यंत सगळं शिकवलं होतं काकूनेच. काकू आत ओट्याजवळ उभी होती. "तू चालवशील का?" असं तिला कोणी विचारलं नाही. बाबांनी नाही, मामांनी नाही. आणि मीही नाही. माझ्या डोक्यात आलं होतं, हे जास्त वाईट. आलं होतं आणि मी कपबशा उचलल्या.

त्यानंतर काकूने वीसेक वर्षं फॉल-पिको केलं. तो मुलगा कधीमधी यायचा, "काकू, हे मिक्सिंग बसून नाही रायलं." काकू मशीन बंद करून जायची, बसवून द्यायची आणि परत यायची. फुकट.

हे फक्त आमच्या घरात झालं अशातला भाग नाही. मुंबईत मेकअपवाल्यांच्या संघटनेत बाईला हेअरड्रेसर म्हणून कार्ड मिळायचं, मेकअप आर्टिस्ट म्हणून नाही. मेकअप करून पुरुषांचं पोट भरतं म्हणे. चारू खुराना यांनी दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तो नियम मोडीत काढला. २०१४! तोवर पन्नासहून जास्त वर्षं बायका वेणीफणीच करत होत्या. कागदावर तरी.

तर आम्ही दोघी निघालो. बडनेऱ्याहून गाडी पकडली. मुर्तिजापूर येईपर्यंत भाची खिडकीबाहेर बघत होती, मग एकदम म्हणाली, "आत्या, तू पण?" मला काय बोलावं कळेना. मग तिनेच मोबाईल काढला. 'निरोज गेस्ट्स' नावाचा माहितीपट दाखवला. २००९ चा, आपल्या विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरचा, पत्रकार पी. साईनाथांच्या सोबतीने फिरणारा. तो करणाऱ्या दीपा भाटिया मूळच्या एडिटर, 'तारे जमीन पर' त्यांनीच संकलित केलेला. "बघ ना आत्या," भाची म्हणाली, "आपल्याकडच्या बाया, आपल्याकडची पऱ्हाटी. आणि हे बाहेरून कोणीतरी येऊन जोडलं. आपल्यापैकी कोणी का नाही?"

मी म्हटलं, पण वय जातं गं, स्थिरस्थावर व्हायला हवं. तर तिने सुमित्रा भावे काढल्या! जन्म १९४३, पुण्यात समाजकार्य शिकवायच्या, झोपडपट्टीतल्या बायकांवर संशोधन करायच्या. त्या बायकांचं जगणं त्यांच्यापर्यंतच परत पोचवायचं तर अहवाल काय कामाचा, म्हणून सिनेमाकडे वळल्या. शिक्षण सिनेमाचं नाही. पहिला लघुपट 'बाई' १९८५ चा, म्हणजे वयाच्या बेचाळिशीत. त्याला राष्ट्रीय पुरस्कार. आणि सुनील सुकथनकरांबरोबर केलेल्या 'कासव'ला २०१६ चं सुवर्णकमळ, सत्तरीच्या पलीकडे. २०२१ मध्ये गेल्या, तोवर काम करत होत्या. "बेचाळिशीपर्यंत थांबू का मग?" भाचीने विचारलं. मी गप्प.

काकूने वांग्याची भाजी आणि रोडगे करून ठेवले होते. जेवणं झाल्यावर मी विषय काढला, भावाची काळजी सांगितली. काकूने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता भाचीला विचारलं,

"काऊन वं पोरी, थे मिक्सिंग आता कायच्यावर करतात?"

"कम्प्युटरवर, आजी."

"मंग आवाज? चित्रामांगं तर नाही रायत?"

मग तासभर दोघींचं जे सुरू झालं, त्यात मला जागाच नव्हती. भाचीने लॅपटॉपवर तिने जोडलेलं काहीतरी दाखवलं. कॉलेजातली पोरं वऱ्हाडी विनोदी व्हिडिओ करतात, त्यांच्यासाठी केलेलं. काकूने चष्मा पुसून बघितलं. "हे पोट्टं हसते तिथंच काऊन कापलं? थोडं हसू दे त्याले. मंग काप." भाचीने तिथल्या तिथे करून बघितलं. खरंच बरं झालं :)

"पैसे वेळेवर भेटतात काय?" काकूने विचारलं.

"नाही आजी. बऱ्याचदा थकवतात."

"आमचंही तसंच व्हय. लग्नाच्या कॅसेटचे पैसे लोक पोट्टं झाल्यावर देत."

निघताना काकूने मला भावाला फोन लावायला सांगितलं. मला वाटलं आता समजावते. ती म्हणाली, "रातच्या रिक्षाची काळजी बरोबर हाय तुही. राह्याची सोय नीट पाह्यजो, पैसे थोडे जास्त लागले तरी दूर नको ठेवू. पन तिले विचारलं काय, का तिले काय पाह्यजे? मले तवा कोनी विचारलं नाही." आणि फोन माझ्या हातात दिला. रागाने नाही, सहज. जसं "मीठ कमी आहे" म्हणावं तसं.

मी तिला तीस वर्षांनी "काकू, चुकलं" असं म्हटलं. ती म्हणाली, "तू तं लहान होती." चोवीस म्हणजे लहान नाही. तिलाही माहीत आहे, मलाही.

तर सध्या एवढंच झालंय. भावाने परीक्षा देऊ द्यायचं कबूल केलं आहे, पुढचं पुढे. मामा अजून 'लाईन'वरच आहेत. पोरीचा नंबर लागेल की नाही कोण जाणे, जागा थोड्या असतात. लागलाच तर राहायची सोय बघायला तिच्यासोबत पुण्याला मी जाणार आहे. बी.एड.चा विषय मी परत काढलेला नाही.

आणि आता नातेवाईकांना एक विनंती. १९८८ ते ९६ मधली ज्यांची ज्यांची लग्नं अकोल्यात झाली, त्यांच्या माळ्यावर काकूने मिक्सिंग केलेली कॅसेट असणार. ओलीत असेल तर बुरशी लागते, आधी कोरड्या जागी काढून ठेवा. व्हीसीआरमध्ये घालून बघू नका, फीत तुटते. माझ्याकडे पाठवा. भाची त्या सगळ्या कम्प्युटरवर उतरवून देणार आहे. सुरुवातीचं 'शुभविवाह' आणि काकांच्या स्टुडिओचं नाव जसंच्या तसं राहील. फक्त शेवटी, सगळे जेवून उठल्यावर, एक ओळ ती नवीन घालणार आहे. मिक्सिंग कोणी केलं, त्याची.